बळीशेठची पेटी

रोज सकाळचा चहा झाला की बळीशेठ भोईर ओट्यावर येऊन बसत. मांडीवर जुना टॉवेल पसरत, त्यावर सागवानी पेटी ठेवत आणि आतल्या एकेका घड्याळाला चावी देत. आमची बिल्डिंग त्यांच्या घराला लागूनच. दुसऱ्या मजल्यावरच्या माझ्या गॅलरीतून ते अगदी समोर दिसायचे. चावी देताना तोंडाने काहीतरी पुटपुटत. मला आधी वाटलं, जप चालला असेल. एकदा खाली उतरून ओट्यावर टेकलो तेव्हा ऐकू आलं.

"हां, चिंचेवाली झाली. आता तू, खालची कोंड. आन् वडाखालचा, तू कालपास्नं मागं पडतंस."

ती त्यांच्या शेतांची नावं होती.

बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्यात, जिथे आज आमच्यासारख्यांच्या सोसायट्या उभ्या आहेत तिथे नदीपर्यंत भोईरांची भातखाचरं होती. ती एकेक करून बिल्डरांना गेली. जमिनीचे पैसे आले तेव्हा कोणी मोठ्या गाड्या घेतल्या, कोणी गळ्यात बोटाएवढ्या जाड चेनी घातल्या, कोणी पोरांच्या हळदीला गाव जेवायला घातलं. बळीशेठनी दर तुकड्यामागे एक घड्याळ घेतलं. साधंसुधं नाही. मुंबईला जाऊन, काचेच्या दुकानात बसून, परदेशी कंपनीचं, चावीचं. सेलवर चालणाऱ्या घड्याळाला ते घड्याळच मानत नसत. "त्याला आपली गरजच नाय. चार दिवस इसरलं तरी चालतंय. त्यो कसला आपला?"

गावात लोक हसत. बळीशेठना त्याचं काही नव्हतं. अंगाने उंच, काळेसावळे, पांढरा शर्ट, पांढरा पायजमा, आणि हात नेहमी मोकळे. हातात घड्याळ घालून कुठे निघाले असं मी क्वचितच पाहिलं. वेळ बघायलाही ते पेटी उघडत नसत. आतली सगळी घड्याळं वेगवेगळी वेळ दाखवायची, त्याचंही त्यांना काही वाटत नसे. किती वाजले ते बायकोला विचारत. पार्वतीबाई आतून ओरडत, "नळ गेला. म्हंजे वाजायचं तवडं वाजलं."

पार्वतीबाई ठेंगण्या, गुडघ्यांनी अधू, आणि जिभेने तिखट. त्या घड्याळांना सवती म्हणत. आभाळ भरून आलं की स्वयंपाकघरातून आवाज यायचा, "अवो, माझ्या सवतींना आत घ्या, भिजतील." मुलगी वैशाली लग्न होऊन स्टेशनपलीकडे कात्रपला गेलेली. ती माहेरी आली की मायलेकी मिळून बळीशेठना पिडत. वैशालीने एकदा वडाखालचा मागितला, कारण लहानपणी ती त्या वडाखाली खेळली होती. बळीशेठ म्हणाले, "माझ्या मागारी घे." पार्वतीबाई म्हणाल्या, "मागारी कशाला? आत्ता द्या. पोरीला जमीन द्यायला बापाच्या पोटात दुखतं बघ." आणि तिघंही हसले.

हा नाद कुठून लागला, ते त्यांनी मला एकदाच सांगितलं. ते लहान असताना कुठल्याशा सरकारी कामासाठी त्यांच्या वडिलांची थोडी जमीन गेली. कागदावर अंगठा घ्यायला साहेब आला होता. वडील काहीतरी विचारू पाहत होते, या हद्दीबद्दल, त्या बांधाबद्दल. साहेब दर वाक्याला मनगट वळवून घड्याळ बघायचा. "बाप दोनदा तोंड उघडून गप झाला. मग अंगठा दिला. घरी येताना मना बोल्ला, आपल्या हातात घड्याल असतं ना बाला, तर आपुन त्याला घाई केली असती." हे सांगून बळीशेठ हसले. मला हसू आलं नाही.

उल्हासनगरच्या बाजारात त्यांचा एक सिंधी दोस्त होता, लछूभाई. घड्याळं उघडून साफ करण्याचं काम त्याच्याकडे. दुकान एवढंसं, पण बाजारात नाव होतं. मी एकदा सोबत गेलो होतो. लछूभाईने काउंटरखालून एक चकचकीत घड्याळ काढून त्यांच्या हातात ठेवलं. "साईं, देखो. एकदम ओरिजिनल जैसा. तुम्हारा वाला बाजू में रखो, कंपनीवाला भी धोखा खा जाए."

बळीशेठनी ते कानाला लावलं, थोडा वेळ ऐकलं आणि परत ठेवलं. "लछू, चांगला हाय. पन याच्यात माझं काय गेलं?"

लछूभाई माझ्याकडे बघून म्हणाला, "इसका कोई इलाज नहीं है, सावंतसाहब." त्याच्या बोलण्यात चिडवणं होतं तेवढीच माया होती.

मग त्या वर्षी नदी आली.

नदीकाठच्या गावात पाणी येणं नवीन नव्हतं. पूर्वीही यायचं, भोईरांच्या खाचरांत पसरायचं, दोन दिवस उभं राहायचं आणि उतरायचं. पण आता खाचरांच्या जागी भराव होता, भरावावर बिल्डिंगा होत्या. सकाळी उजाडता उजाडता आरडाओरडा ऐकून मी गॅलरीत आलो, तर खाली रस्ता दिसत नव्हता. पाणी आमच्या बिल्डिंगच्या भरावाला अडून सरळ बळीशेठच्या जुन्या, खोलगट घराकडे वळलं होतं.

मी जिन्यावर धावलो. तेवढ्यात बळीशेठ डोक्यावर पेटी घेऊन पाण्यातून येताना दिसले. पाणी गुडघ्यापर्यंत होतं. त्यांनी पेटी माझ्या हातात दिली. "सावंत, धरा. वर ठेवा. पारूला घेऊन येतू." आणि वळले.

ते वळले तेव्हाच आमची बिल्डिंग आणि त्यांचं घर यांमधली कंपाउंडची भिंत पडली. एवढा वेळ तिने अडवलेलं पाणी एकदम सुटलं. बळीशेठ कोसळले, उठले, पुन्हा कोसळले. खालच्या दोघातिघांनी त्यांना खांद्याला धरून जिन्यावर ओढलं. ते सुटायला धडपडत होते. धरणाऱ्यांपैकी एकाच्या हाताला त्यांनी चावा घेतला. पण त्या धारेत कोणी उतरू शकत नव्हतं.

मी पेटी वर ठेवून गॅलरीत आलो, तर पार्वतीबाई खिडकीत दिसत होत्या. खाटेवर चढून, गज धरून उभ्या. खाट बुडाली, पाणी छातीला लागलं, तरी त्या तशाच उभ्या. बळीशेठ जिन्यातून ओरडत होते, "पारू, आलू गं! आलूच!" त्या उत्तर देत नव्हत्या. एकदोनदा वर माझ्या गॅलरीकडे बघितलं त्यांनी. त्या नजरेत मदतीची हाकही नव्हती. माणूस पाऊस कधी थांबतो ते बघतं, तसं बघत होत्या. दुपार कलल्यावर मोठी ट्यूब आणि दोर घेऊन पोरं आली, तेव्हा कुठे त्यांना बाहेर काढता आलं. बोटं गजाभोवती अशी आवळली होती की सोडवावी लागली.

तापाने सुरुवात झाली, मग छातीत पाणी झालं. उल्हासनगरच्या एका दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेलो तेव्हा बळीशेठ पायाशी स्टुलावर बसलेले, वैशाली उशाशी. पार्वतीबाईंना बोलायला दम पुरत नव्हता. तरी नवऱ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "पेटी कोरडी रायली ना?"

बळीशेठनी मान हलवली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या, आणि डोळे मिटले.

मला वाटलं, केवढं हे बायकांचं काळीज. घरी येऊन मी बायकोलाही तसंच सांगितलं. श्रावण संपायच्या आत पार्वतीबाई गेल्या.

गावात कुजबुज झालीच. घड्याळं वाचवली, बाय घालवली, असं लोक पाठीमागे बोलत. बळीशेठ सगळ्यांना एकच सांगत, "तीच बोल्ली, आधी पेटी न्या. माझ्या सवती भिजतील बोल्ली." ते ऐकलं की लोकांना पार्वतीबाई आठवायच्या, त्यांचं बोलणं आठवायचं, आणि विश्वास बसायचा. वैशालीला त्यांनी तेच सांगितलं. ती ऐकून घेई. महिन्याकाठी येऊन घर झाडून जाई, डब्यांत पीठमीठ भरून ठेवी, बापाशी जेवढ्यास तेवढं बोले. तिच्या हसण्याचा आवाज मात्र त्या घरातून पुन्हा कधी आला नाही.

आणि बळीशेठ रोज सकाळी चावी देतच राहिले. पुटपुटणं तेवढं बंद झालं.

अशी काही वर्षं गेली. मग एक दिवस कुरियरने जाड, सायीच्या रंगाचं पाकीट आलं. ते घेऊन बळीशेठ माझ्याकडे वर आले. ज्या स्विस कंपनीची त्यांच्याकडे दोन घड्याळं होती, तिचं नवं कलेक्शन मुंबईत येणार होतं. समुद्राकाठच्या एका हॉटेलात, निवडक गिऱ्हाइकांसाठी. वर त्यांचं नाव छापलेलं. त्यांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

"चला माझ्यासंगती. तिथं इंग्लिश बोलतील."

मी होय म्हणालो. त्याच संध्याकाळी वैशालीचा फोन आला. "काका, त्यांना नेऊ नका. बिल्डरचा माणूस घरासाठी चकरा मारतोय, तुम्ही बघताय ना? आता एवढं एक घरच राहिलंय. ते घर देतील आणि घड्याळ घेऊन येतील. माझ्या आईचं घर आहे ते."

"मी नाही गेलो तर ते एकटे जातील," मी म्हणालो.

ती म्हणाली, "जातील. माहितीये मला," आणि फोन ठेवला.

त्यांच्या पुतण्याची गाडी करून आम्ही गेलो. बळीशेठनी नवा पांढरा शर्ट घातला होता. हॉटेलात पाऊल वाजणार नाही असे गालिचे, मंद पिवळे दिवे, आणि काचेच्या कपाटांत, एकेका कपाटात एकेकच घड्याळ, देवघरात मूर्ती ठेवावी तसं. हातमोजे घातलेली मुलं-मुली हळू आवाजात बोलत होती. एक गोरा कारागीर टेबलाशी बसून, डोळ्याला भिंग लावून, केसाएवढी स्प्रिंग चिमट्याने बसवून दाखवत होता. भोवती कोट घातलेली माणसं पेले घेऊन उभी. बळीशेठ त्यांच्या मधून वाट काढत पुढे गेले आणि त्या कारागिराच्या हाताकडे बघत राहिले.

मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. पार्वतीबाई गेल्यापासून तो चेहरा बंद दारासारखा झाला होता. तो तिथे उघडला. ते एकेका कपाटापाशी थांबत, वाकत, मला बोटाने दाखवत. "बगा, सावंत, ही पट्टी. या खाचा हातानं घासल्यात. मशीननं असं येत नाय." निळ्या मिन्याच्या तबकडीचं एक होतं, त्यात चंद्राची कोर हळूहळू सरकायची. त्याच्यासमोर ते इतका वेळ उभे राहिले की मागचे लोक खाकरू लागले. मी इतक्या वर्षांत त्यांना ओट्यावर चावी देताना बघितलं होतं, पण एखादी सुंदर वस्तू बघून माणूस एवढा कोवळा होतो, हे मला तेव्हा कळलं.

एका टेबलाशी बसवून एका मुलीने त्यांच्यापुढे मखमली तबक ठेवलं. स्टीलचं, चावीचं, मागून काच असलेलं घड्याळ. तिने ते त्यांच्या मनगटावर चढवलं. त्यांचं मनगट म्हातारं होतं, तरी ते शोभलं. बळीशेठनी हात लांब धरून बघितला, जवळ आणून कानाला लावला. मी मनात म्हटलं, गेलं घर.

मुलगी इंग्रजीत माहिती देत होती, मी मराठीत सांगत होतो. कुठला धातू, किती दिवस चालतं, पट्टा कसला. मग ती म्हणाली, ते मी सांगितलं, "म्हणतेय, पाण्यात बुडालं तरी आत थेंब जाणार नाही."

बळीशेठनी हात खाली घेतला. "किती येल?"

मी विचारलं. मुलगी गोड हसली. "म्हणतेय, तुम्हाला वाटेल तेवढा वेळ."

ते पट्टा सोडवू लागले. खिट्टी सापडेना. मुलगी पुढे झाली तर त्यांनी हात झटकला. शेवटी मी तो सोडवला. त्यांनी घड्याळ तबकात ठेवलं, तिला हात जोडले आणि दाराकडे चालू लागले. लॉबीतल्या कोचावर बसले तेव्हा घामाने शर्ट पाठीला चिकटला होता. मी पाणी आणलं. त्यांनी पेल्याकडे बघितलं आणि तो बाजूला सारला.

परतताना काटईच्या अलीकडे पुतण्याने चहाला गाडी थांबवली. तो टपरीकडे गेला, आम्ही दोघे गाडीतच राहिलो. तेव्हा बळीशेठ बोलू लागले. माझ्याकडे न बघता, समोरच्या सीटच्या पाठीशी बोलल्यासारखे.

"मी खोटं बोल्लू, सावंत. ती पेटी न्या असं बोल्लीच नाय. ती बोल्ली, 'मना आधी जिन्यापरत पोचवा, मग काय न्यायचं ते न्या.' घरात पानी तवा घोट्याला होतं. घोट्याला. हात धरून सहज नेली असती. मी बोल्लू, 'तू बस, तुझं गुडघं दुकतात, तुला येल लागंल. आधी यो ठेवून येतू.' तिला येल लागंल बोल्लू मी."

मी माझ्या बाजूची काच वर घेतली.

"पानी पह्यलं माझ्या शेतात थांबायचं. शेतं मी इकली. त्याची घड्यालं घेतली. आन् घड्यालं वाचवाया तिला ठेवली." त्यांनी दोन्ही तळहात चेहऱ्यावर दाबून धरले. "सगलं मीच केलं ना, सावंत?"

पुतण्या चहाचे ग्लास घेऊन आला. बळीशेठनी तोंड पुसलं, चहा घेतला, आणि म्हणाले, "उद्या कात्रपला जायचंय."

दुसऱ्या दिवशी मी त्यांना रिक्षाने कात्रपला घेऊन गेलो. त्यांनी पेटी सोबत घेतली होती. वैशालीने दार उघडलं, पेटी बघितली, मग माझ्याकडे बघितलं. मी मानेनेच 'नाही' म्हणालो, म्हणजे घर विकलेलं नाही. ती बाजूला झाली. मी दाराशीच थांबणार होतो, पण तिने खुर्ची पुढे केली.

बळीशेठ बसले नाहीत. उभ्याउभ्याच त्यांनी आदल्या दिवशी मला सांगितलेलं सगळं तिला सांगितलं. एकही शब्द मऊ केला नाही. वैशाली किचनच्या ओट्याला टेकून ऐकत होती. कुकरची शिट्टी झाली, तिने गॅस बंद केला.

"मला माहीत होतं, बाबा."

बळीशेठनी पेटी दुसऱ्या काखेत घेतली.

"आईने दवाखान्यात सांगितलं होतं. तुम्ही चहा प्यायला खाली गेला होता तेव्हा. म्हणाली, 'तू विचारू नको. त्यो आपून सांगंल.'" तिचा आवाज चढला नाही. "मी वाट बघत होते. दर महिन्याला येत होते ना? घर झाडायला येत नव्हते मी. तुम्ही आज सांगाल, उद्या सांगाल म्हणून येत होते. आणि तुम्ही मलाच तिची थट्टा ऐकवत होता. सवती भिजतील म्हणाली म्हणे. ती मेली ते मेली, वर तिच्या तोंडी तुमचं खोटं."

"वैशू..."

"आता जा, बाबा. मला राग आलेला नाही. मी दमलेय."

त्यांनी पेटी टेबलावर ठेवली. तिने ती उचलून परत त्यांच्या हातात दिली. आम्ही जिना उतरलो. लिफ्ट होती, पण बळीशेठ जिन्यानेच उतरत राहिले.

त्यानंतर ओट्यावर पेटी आली नाही. बळीशेठ नुसतेच बसत. लछूभाई एकदा उल्हासनगरहून भेटायला आला, म्हणाला, "साईं, चाबी नहीं दोगे तो तेल सूख जाएगा, मशीन जाम हो जाएगा." बळीशेठ म्हणाले, "होने दे." बिल्डरच्या माणसाला त्यांनी ओट्यावर चढू दिलं नाही. वैशाली येईनाशी झाली. दुपारचा डबा मात्र कात्रपहून एका ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर रोज यायचा. बळीशेठ जेवत, डबा स्वतः घासत, पुसत, आणि रिक्षा यायच्या आधीच रस्त्यावर येऊन उभे राहत. त्यांनी निरोप कधी पाठवला नाही. तिनेही नाही.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते एका साध्या सकाळी. मी कामावर, अंबरनाथच्या कारखान्यात, जायला निघालो होतो. ओट्यावर खुर्ची टाकून ते दाढी करून घेत होते. गावातला म्हातारा न्हावी घरोघर येतो, तो. बळीशेठनी मान मागे टाकलेली, डोळे मिटलेले, गळ्यापर्यंत साबणाचा फेस. मी "काय बळीशेठ" म्हणालो. त्यांनी डोळे न उघडता मांडीवरचं एक बोट वर केलं. मी पुढे गेलो.

दुपारी फोन आला. डबा आला तेव्हा ते रस्त्यावर उभे नव्हते, म्हणून रिक्षावाल्याने आत जाऊन पाहिलं. खाटेवर झोपल्यासारखेच होते.

मी पोचलो तेव्हा वैशाली आली होती. बायका भोवती बसल्या होत्या, त्यांतल्या काही मोठ्याने रडत होत्या. ती रडत नव्हती. बापाच्या उशाशी बसून कोरड्या डोळ्यांनी बघत होती. मला बघून तिने विचारलं, "काका, सकाळी दिसले होते का? काही बोलले?"

"दिसले. बोलले नाहीत. न्हावी दाढी करत होता, तोंडाला साबण होता."

तिने खाली वाकून त्यांच्या गालावरून हात फिरवला. मग हनुवटीखाली तिचं बोट थांबलं. वस्तऱ्याने जरासं कापलं होतं, तुरटी लावली होती, रक्ताचा ठिपका वाळून काळा झाला होता.

"बघा ना, इथं कापलंय," ती म्हणाली. "नीट बघून करायची ना दाढी. एवढं म्हातारं माणूस. कळत नाही का त्याला?" तिचा आवाज वाढत गेला. "किती लागलं असेल! कोणी पुसलंसुद्धा नाही." तिने पदराचं टोक तोंडात धरून ओलं केलं आणि तो ठिपका पुसू लागली. तो निघून गेला तरी ती पुसत राहिली.